पोराचा अभ्यास, माझा आवाज आणि अव्वाच्या खराट्याच्या काड्या

एक गंमत करून बघा. कुणालाही फोनवर 'एकोणसत्तर' असा आकडा सांगा. समोरचा पक्का मराठी माणूस असला तरी दोन सेकंद थांबणार आणि विचारणार, 'सिक्स्टी नाइन ना?' मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. दिवसभर पार्ट्यांचे फोन, किती डझन, किती बंडल, कुठल्या ट्रान्सपोर्टने, आणि एवढ्या वर्षांत माझं हेच चाललंय, एकोणसाठ म्हटलं की फिफ्टी नाइन ना, एकोणऐंशी म्हटलं की सेव्हन्टी नाइन ना. आणि असा हा मी, संध्याकाळी घरी येऊन दुसरीतल्या पोराला त्याच आकड्यांवरनं फाडून खात होतो.

रोजचा सीन ठरलेला. मी म्हणायचो 'त्रेपन्न लिही', तो लिहायचा ३५. सत्तेचाळीस म्हटलं की ७४. एकोणसाठ म्हटलं की ६९, कारण त्याला त्यातलं 'साठ' तेवढं ऐकू यायचं. मग मी तेच परत म्हणायचो, फक्त मोठ्यांदा. 'अरे त्रे-पन्न! त्रे! पन्न!' जसं काय आवाज वाढवला की आकडा सरळ होतो. तो खोडरबर घ्यायचा, इतका जोरात घासायचा की पान फाटायचं, मग त्यावरनं अजून चार शब्द. एक गोष्ट मला फार उशिरा दिसली, ती म्हणजे तो लिहून झाल्यावर वहीकडं बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडं बघायचा. तोंड वाकडं दिसलं की आकडे उलटे करायचे, एवढं त्याला जमलं होतं. मला वाटायचं वा, सुधारलं पोरगं.

शेवटी एक दिवस बायको स्वयंपाकघरातनंच म्हणाली, 'ओ, तुम्ही उठा बरं तिथनं. पोरगं आकडे शिकलालंय का तुम्हाला घाबरायला शिकलालंय?' मी उठलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आम्ही पूर्व भागात राहतो, शेजारी सगळी तेलुगू घरं. त्यातल्या एका म्हातारीला अख्खी गल्ली अव्वा म्हणते. जन्मभर बिड्या वळल्या, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण हिशोबाला असली पक्की की दुकानदार तिच्याशी वाद घालत नाही. बिडीची मजुरी हजार बिड्यांवर मिळते, तिचा पंचवीस बिड्यांचा कट्टा असायचा, चाळीस कट्टे झाले की हजार, आणि एक कट्टा कमी भरला तर पैसे कापले जाणार म्हणून हे गणित तिच्या बोटात बसलेलं. तर त्या दिवशी माझा आरडाओरडा ऐकून ती दारात आली, मला म्हणाली 'का ओरडतो रे लेकरावर', आणि त्याला घेऊन आपल्या उंबऱ्यावर बसली.

मी खिडकीतनं बघत होतो. तिनं जुन्या खराट्याच्या काड्या घेतल्या, बोटाएवढे तुकडे केले. दहा मोजल्या, दोरा गुंडाळला, गाठ. हे इतकं फटाफट की बघतच राहावं, बिडीला दोरा बांधणारी बोटं ती. असे पाच गठ्ठे त्याच्यापुढं ठेवले, बाजूला तीन सुट्या काड्या, आणि म्हणाली 'याबै मूडु'. याबै म्हणजे पन्नास, मूडु म्हणजे तीन. गल्लीत खेळून खेळून पोराला तेलुगू येतंच. त्यानं पाटीवर ५ लिहिलं, मग ३. कुणाच्या तोंडाकडं न बघता!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला (फार मोठा नाही, झिरोचा बल्ब म्हणा). तेलुगूत जसं बोलतात तसंच लिहायचं असतं, आधी दहा मग सुटे. कन्नडमध्ये पण तेच, ऐवत्तमूरु. आपल्या मराठीत बोलताना तीन आधी आणि पन्नास नंतर, लिहिताना बरोबर उलटं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं आणि एक वजा करायचा, आणि हे सगळं पाळत पाळत ९९ ला आलं की एकोणशंभर नाही, नव्याण्णव! दुसरीतल्या पोरानं गोंधळायचं नाही तर काय करायचं.

२०१९ आठवतंय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं छापून आलं होतं तेव्हा केवढा दंगा झाला. विधानसभेत विनोद, व्हॉट्सअॅपवर विनोद, आणि ते फॉरवर्ड करणाऱ्यात मी सगळ्यात पुढं. गणित समितीच्या मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यानं मुलं अडखळतात म्हणून दुसरी वाट दिलीय. कोण ऐकतंय. मराठी बुडाली म्हणून आम्ही मोकळे. आता वाटतं त्यातलं एक पान जरी नीट वाचलं असतं तर पोराच्या चार वह्या फाटायच्या वाचल्या असत्या. अर्थात त्रेपन्न यायलाच पाहिजे, बाजारात भाजीवाली काय 'पन्नास तीन' म्हणणार नाही. पण आधी गठ्ठे आणि सुटे डोळ्यापुढं येऊ देत, नाव मागनं चिकटतं.

माझी मेव्हणी मोहोळ तालुक्यात झेडपी शाळेवर आहे. तिला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, 'दाजी, तुमच्यासारख्यांवर अभ्यास झालाय.' २०१५ मध्ये अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी पहिली-दुसरीतली चारशेच्या वर मुलं आणि त्यांचे पालक घेऊन बघितलं होतं. ज्या आईबापांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे ते जर सारखे गृहपाठाला शेजारी बसत असतील तर त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली, आणि मुलांनापण धास्ती लागली. हेच आईबाप गृहपाठात फारसे पडत नसतील तर तसं झालं नाही. म्हणजे मी न बसलेलं बरं होतं की! त्याच मंडळींनी त्याच वर्षी दुसरंपण एक बघितलं, की रात्री पोराबरोबर एखादी छोटी आकड्यांची गोष्ट वाचायची आणि त्यावर गप्पा मारायच्या, बास, त्याचा फायदा झाला, आणि सगळ्यात जास्त फायदा गणिताला घाबरणाऱ्यांच्याच मुलांना.

मेव्हणीची स्वतःची तक्रार वेगळीच आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश लोक पालकच पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, पण मीटिंगला माणसं सहीपुरती येतात. आणि आली की प्रश्न एकच, मार्क किती पडले. 'माझं पोरगं नेमकं कुठं अडतं, हे विचारणारा वर्षातनं एखादा भेटतो, दाजी.' मी गप्प, कारण मी तर मीटिंगलापण जात नव्हतो, बायको जायची. आमच्याकडं 'पालक' म्हणजे शाळेच्या कागदावर बाप आणि बाकी सगळीकडं आई.

तर मी काय केलं. अभ्यासाला शेजारी बसायचं सोडलं. ते बायको बघते, आणि वाचनपण तिनंच तिच्या पद्धतीनं घेतलंय, नवी पेठेत जाताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या, जी पाटी वाचता येणार नाही त्या दुकानात शिरायचं नाही अशी अट (खर्च वाचतो). माझ्याकडं मी पाणी घेतलं.

सोलापूरकरांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. आमच्याकडं सध्या चार दिवसाआड. कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसाला गोल करायचं काम पोराकडं दिलं. रविवारी २ तारखेला पाणी आलं, त्यानं गोल केला गुरुवारी ६ ला. मी म्हटलं शुक्रवारी येणार बघ. तो म्हणे चार दिवस म्हटलंय ना. मग 'आड' म्हणजे काय यावर आमचे बाप-लेकाचे दोन दिवस गेले, मधले चार सोडायचे आणि पाचव्याला नळाशी जायचं, हे त्याला मी सांगून पटलं नाही, गुरुवारी बादली घेऊन कोरड्या नळापुढं बसल्यावर पटलं. त्याला मी बसू दिलं. बायको म्हणाली सांगा की त्याला, म्हटलं सांगितलंय, बसू दे.

मग ७, १२, १७, २२ असे गोल झाले आणि एका सकाळी दात घासता घासता ओरडला, 'पप्पा, सगळीकडं २ नाहीतर ७च येतंय!' पाठांतरात पाचाचा पाढा म्हणताना जो पोरगा झोपतो तो हा. आमचा बॅरल २०० लिटरचा, बादली १५ची, तर तेरा बादल्या मावतात आणि चौदावी अर्धीच्या वर सांडते हेपण त्यानंच काढलं, पँट भिजवून.

लगेच पहिला नंबर वगैरे काही नाही. सत्तेचाळीसला अजून अडतो, मग काड्यांचा डबा काढतो. मलाही अजून तोंड सांभाळावं लागतं, परवा दोनदा सुटलंच. पण आता मी फोनवर 'सेव्हन्टी नाइन ना' म्हटलं की मागनं आवाज येतो, 'ऐंशीला एक कमी, पप्पा.' पार्टी पण हसते.

महिना ३० चा होता म्हणून पुढच्या महिन्यातपण २ आणि ७ बरोबर जमलं. तो महिना ३१ चा निघाला, त्यामुळं २७ नंतर पाणी २ ला नाही, १ ला येणार. हे कळल्यावर काल रात्री स्वारी जाम चिडली. 'मधीच ही ३१ कुणी घातली?' मी मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजून दाखवले, कुठला ३१ चा कुठला ३० चा, पण का, ते मला येत नव्हतं. म्हटलं शोधू. तो म्हणाला अव्वाला विचारतो.