शुक्रवारी मांटू टोचून घेऊ नका

औषधाच्या ट्रायलमध्ये जातोय म्हटल्यावर सासरे म्हणाले, "म्हणजे प्रयोगाचा उंदीर होणार तुम्ही?" त्याची मला फार भीती वाटली नाही. मला छळलं ते हातावर उठलेल्या एका गांधीने.

माझ्या डाव्या डोळ्यात युव्हिआयटिस आहे, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला सूज. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी १० मिलिग्रॅमच्या खाली आणली की डोळा पुन्हा लाल. गोळीने चेहरा फुगला, साखर वाढली. म्हणून पुण्यातल्या डॉक्टरांनी ट्रायलचं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. काहींना खरं इंजेक्शन, काहींना नुसतं तसं दिसणारं. कोणाला कुठलं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. याला डबल ब्लाइंड म्हणतात, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो शब्द टाळून 'मास्क्ड' म्हणतात. ते मला आवडलं.

आता टीबीच्या तपासणीचं. असल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते आणि अंगात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. शिवाय आपल्याकडे टीबीमुळेही युव्हिआयटिस होतो. तेव्हा तपासणी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. आधी रक्ताची 'टीबी गोल्ड' केली. रिपोर्ट ना पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, अनिर्णित. स्टेरॉइड चालू असलं की असं होऊ शकतं म्हणे. मग मांटू, म्हणजे हातावर कातडीत टोचून करायची टीबीची तपासणी.

शुक्रवारी दुपारी चार वाजता टेक्निशियनने हातावर सुई टोचली, पांढरा फुगा आला, त्याभोवती निळ्या पेनने गोल काढला. मांटू ४८ ते ७२ तासांत वाचायची असते. म्हणजे रविवार दुपार ते सोमवार दुपार. रविवारी लॅब बंद आणि सोमवारी एक मे! खिडकीवरच्या काकांना मी तिथेच विचारलं, "सोमवारी सुट्टी आहे ना?" ते मान वर न करता म्हणाले, "या तुम्ही, बघू."

रविवारी हात लाल झाला. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, १४ मिलिमीटर. पट्टीसकट फोटो काढला. सोमवारी साताऱ्याहून स्वारगेट, तिथून रिक्षा, आणि दारावर कुलूप. वॉचमन म्हणाला, उद्या या. मंगळवारी तेच काका म्हणाले, "बहात्तर तास उलटले. फोटो चालत नाही. पुन्हा टोचावं लागेल." माझा आवाज चढला, ते मान्य करतो. नंतर कळलं की लाली मोजतच नाहीत, बोटाला लागणारा कडकपणा मोजतात. माझे १४ तसेही कामाचे नव्हते. म्हणून काकांवरचा राग गेला असं मात्र नाही.

मंगळवारी दुसऱ्या हातावर टोचलं, गुरुवारी वाचलं, ३ मिलिमीटर. पास. तरी छातीच्या डॉक्टरांचं पत्र लागतंच आणि ते रजेवर. या सगळ्यात स्क्रीनिंगचे, म्हणजे निवडीच्या तपासण्यांचे, २८ दिवस संपले. मग रक्त, एक्स-रे, ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) सगळं पुन्हा. संमतीपत्रावरही पुन्हा सह्या, पानापानावर.

संमतीपत्राचं आत्ता आठवलं. ते मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. कोऑर्डिनेटर ताईंनी आपणहून तसं सांगितलं होतं. त्यात वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. ते बघून बायको रडायलाच लागली. पण तो रकाना सगळ्यांच्याच फॉर्मवर असतो. ट्रायलमुळे कोणी दगावलं तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी. सही केलेली प्रत आपल्याला मिळते, ती सोडू नका. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांकही विचारून घ्या. २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. एथिक्स कमिटीचा फोन फॉर्मवर असतो. मधेच सोडून जायचं तर जाता येतं, पुढचे उपचार त्यामुळे अडत नाहीत.

एकदाचा नंबर लागला आणि मग इतकं सुरळीत चाललं की सांगण्यासारखं काही नाही. दर भेटीला अक्षरं वाचायची, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करायचे थेंब, ओसीटी. थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं दिसत नाही, गाडी चालवायची नाही. परतताना खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकांचे लाल दिवे पसरून ताटलीएवढे दिसायचे. डोळ्याच्या अँजिओग्राफीची पिवळी डाय टोचली की लघवी भडक पिवळी होते, घाबरू नका. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

प्रवासखर्च मिळतो, पण तिकीट दाखवावं लागतं. एसटीच्या मशीनच्या तिकिटाची शाई महिन्याभरात उडते. माझी चार तिकिटं कोरी पांढरी झाली आणि ती घेऊन मी पुन्हा त्याच खिडकीवर गेलो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा.