फक्त डावा गाल

बाईंनी स्कार्फ सोडला आणि मी खुर्ची पुढे ओढली. डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत लालबुंद, मध्ये दोन टपोरे फोड. उजवा मात्र स्वच्छ.

"उन्हात कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही हो डॉक्टर. परवा सकाळी कोल्हापूरला गेले, तेही एसी बसने. काचा बंद होत्या."

"डावीकडच्या खिडकीत बसला होतात?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पुण्याहून दक्षिणेला निघालं की सकाळचं ऊन डावीकडून येतं, आणि त्यातले यूव्हीए, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण, काचेतून बऱ्यापैकी आत शिरतात.

चेहऱ्याला काय लावता, विचारल्यावर पर्समधून कफ सिरपची धुतलेली बाटली निघाली. खोबरेल तेल, तळाशी भरडलेल्या काळ्या बियांचा गाळ. झाकण उघडताच उग्र वास आला. बावची! काष्ठौषधीच्या दुकानातून आणून घरीच मुरवलेली. दहा दिवस रोज रात्री लावत होत्या, प्रवासाच्या दिवशी सकाळीही लावली. बावचीतलं बाकुचिऑल हे द्रव्य रेटिनॉलसारखं, म्हणजे सुरकुत्यांवरच्या क्रीममधल्या अ जीवनसत्त्वासारखं काम करतं, असं त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं.

वाचलेलं खोटं नव्हतं. बाकुचिऑल १९६६ साली आपल्या पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी वेगळं काढलं, याचा मला फार अभिमान आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ४४ जणांवरच्या चाचणीत सुरकुत्या आणि डाग कमी करण्यात ते रेटिनॉलच्या बरोबरीचं ठरलं, शिवाय त्वचा कमी सोलवटली. पण बावचीच्या बीत सोरालेन नावाचं दुसरं द्रव्यही असतं. सोरालेन आणि यूव्हीए एकत्र आले की त्वचा भाजते. क्रीमसाठी बाकुचिऑल शुद्ध करतात ते याच कारणाने. घरच्या बाटलीत दोन्ही एकत्र उतरतात. आणि हे भाजणं दोन-तीन दिवसांनी भरात येतं, त्यामुळे तेलावर कुणाचा संशयच जात नाही.

"पण आमची आजी तर कोडाला बावचीच लावायची!"

"आणि लावून कुठे बसवायची?"

"कोवळ्या उन्हात..." बोलता बोलता त्या थांबल्या.

आम्हीही कोडाला सोरालेन देतो, पण डोस मोजून, प्रकाश मोजून, पेशंटच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून. त्यांना थंड पट्ट्या, सौम्य स्टेरॉइड क्रीम आणि ऊन पूर्ण बंद, एवढं लिहून दिलं. बाटली त्या माझ्या टेबलावरच ठेवून गेल्या. फोड आठवड्यात सुकले. मागे राहिलेला काळा डाग जायला तीन महिने लागले, आणि त्या दर भेटीला मोबाईलवर आधीचा फोटो काढून माझ्यासमोर धरायच्या.