हॉकिन्स की लेस्टर

परवा दुपारी जेवणं उरकल्यावर मी भांडी विसळत होते आणि ओट्यावर फोनमध्ये लेस्टर यंग, जुना अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाला, चालू होता. १९३६ सालचं 'लेडी बी गुड'. ते संपलं आणि फोनने आपल्याच मनाने पुढचं लावलं : त्याच काळातला दुसरा सॅक्सोफोनवाला कोलमन हॉकिन्स, 'बॉडी अँड सोल'. मी ओल्या हाताने बंद केलं. आतून नवऱ्याचा आवाज, "अगं, चांगलं चाललं होतं की!"

चांगलं होतंच. वाईट कोण म्हणतंय? पण लेस्टरवर लगेच हॉकिन्स मला चालत नाही. मध्ये निदान एक चहा झाला पाहिजे. हे नवऱ्याला समजावायला गेले, तर तो म्हणाला, "दोघेही आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत."

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. लता की आशा, गावसकर की विश्वनाथ, भीमसेन की कुमार. वाद रंगात आलेला असतो, ताटावर हात वाळलेले असतात, कुणीतरी जुनं भांडण उकरून काढणार एवढ्यात एक शहाणा माणूस हे वाक्य टाकतो आणि सगळे उठून हात धुवायला जातात. जागा कुठली, ते तो सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, तुलनाच चुकीची आहे. अहो, तुलना चुकीची असती तर एवढी मजा आली असती का?

आणि या दोघांची तुलना तर करावीच लागते. वाद्य एकच, टेनर सॅक्सोफोन. वयात पाचेक वर्षांचं अंतर. हॉकिन्स १९०४चा, मिसुरीतल्या सेंट जोसेफचा. लेस्टर १९०९चा, मिसिसिपीतल्या वुडव्हिलचा. हॉकिन्सच्या आधी टेनर म्हणजे बँडमधलं हसवणारं वाद्य होतं, भसाड्या आवाजाचं. त्याला माणसात आणलं हॉकिन्सने. आवाज भरदार, रुंद, प्रत्येक सुराला दाट कंप. लेस्टरचा आवाज हलका, कोरडा, जवळजवळ कंपाशिवाय. हॉकिन्स गाण्यातल्या प्रत्येक कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीच्या, खोलीत शिरतो, कोपरान्‌कोपरा झाडून बाहेर येतो आणि पुढच्या खोलीत शिरतो. लेस्टर चाळीच्या गॅलरीतून चालत जातो. खोल्या त्याला दिसत असतात, पण तो आत डोकावेलच असं नाही.

माझा काका हॉकिन्सवाला होता. गिरगावात ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत त्याचा एचएमव्हीचा फिएस्टा कपाटावर असायचा आणि रविवारी दुपारी खाली उतरायचा. चोरबाजारातून आणलेल्या रेकॉर्डी तो मलमलच्या कपड्याने पुसायचा, आम्हा मुलांना हात लावू द्यायचा नाही. 'बॉडी अँड सोल' लागलं की आजी गवार मोडता मोडता विचारायची, "हा मूळ चाल कधी धरणार?" तिने बालगंधर्व ऐकलेले होते, तिला असं विचारायचा अधिकार होता. प्रश्नही बरोबर होता. चार मात्रांच्या चार आवर्तनांत पियानो प्रस्तावना संपवतो, हॉकिन्स मूळ गाण्याला जेमतेम स्पर्श करतो, आणि मग दोन फेऱ्या संपेपर्यंत तिकडे वळून बघत नाही. ११ ऑक्टोबर १९३९ला रेकॉर्डिंगच्या शेवटी शेवटी वाजवलेली ही तीन मिनिटांची गोष्ट. पाच वर्षं युरोपात काढून तो नुकताच न्यूयॉर्कला परतला होता. आता याची जादू ओसरली असेल, असं म्हणणाऱ्यांची तोंडं तीन मिनिटांत बंद झाली. गंमत म्हणजे चाल न धरणारी ही रेकॉर्ड सामान्य लोकांनी भराभर विकत घेतली. काका म्हणायचा, "आई, चाल त्याच्या पोटात आहे." आजी म्हणायची, "मग बाहेर काढ म्हणावं."

काकाचा एक गोवेकर मित्र होता. धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, राहायचा. आम्ही मुलं त्यांना अंकल म्हणायचो. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलेलं, पुढे ताडदेवला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. ते पक्के लेस्टरवाले. कधीमधी रविवारी टेनरची पेटी घेऊन यायचे. आधी रीड, म्हणजे सूर काढणारी वेताची पातळ पट्टी, तोंडात धरून बसायचे. ती भिजेपर्यंत काही विचारलं तरी नुसतं हुं हुं. मग ती माउथपीसवर ठेवून अंगठ्याच्या नखाने टोकाला टोक जुळवायचे, दोन बारीक स्क्रू पिळायचे, एकदा फुंकून बघायचे, पुन्हा केसभर सरकवायचे. काका चुळबुळायला लागायचा. त्या दिवशी त्यांनी एकच सूर लावला. खालचा जबडा हलताना दिसत होता, गळ्याची कातडी थरथरत होती आणि मांडणीवरच्या पेल्यात ठेवलेला चमचा किणकिणायला लागला. "हा हॉकिन्स," ते म्हणाले. मग तोच सूर पुन्हा, तेवढाच लांब. या वेळी चेहऱ्यावर काही हललं नाही. चमचा गप्प. "हा लेस्टर."

आतून आजी म्हणाली, "दुसरा बरा."

काकाने ते मत बाद ठरवलं. मी मात्र त्या दिवसापासून दुसऱ्याच्या बाजूची. शास्त्र वगैरे पुढे वाचलं ते बाजू घेऊन झाल्यावर. बहुतेकांचं असंच असावं.

काका आणि अंकल यांची भांडणं ठरलेल्या वळणाने जायची. अंकल कॅन्सस सिटी काढायचे. १९३३चा डिसेंबर, चेरी ब्लॉसम नावाचा क्लब. हॉकिन्स फ्लेचर हेंडरसनच्या बँडबरोबर गावात आलेला, आणि गावातले तीन टेनरवाले, लेस्टर, बेन वेब्स्टर आणि हर्शल इव्हान्स, त्याला रात्रभर सोडत नाहीत. पहाटे चारला वेब्स्टर मेरी लू विल्यम्स या पियानो वाजवणाऱ्या बाईंच्या खिडकीशी जाऊन टकटक करतो : उठ, बाकीचे पियानोवाले दमले, हॉकिन्स शर्ट काढून वाजवतोय. ही हकिकत त्या बाईंनीच पुढे सांगितली, आणि त्यांच्या मते त्या रात्री लेस्टर भारी पडला. काका म्हणायचा, "रेकॉर्ड आहे का?" रेकॉर्ड नाही. मग काका आपला पत्ता टाकायचा. दुसऱ्याच वर्षी हॉकिन्स इंग्लंडला गेला, हेंडरसनने त्याच्या जागी लेस्टरला घेतलं, आणि बँडमधल्या मंडळींनी कुरकुर केली की हा टेनर कसला, हा तर आल्टो (टेनरपेक्षा लहान, चढ्या आवाजाचा सॅक्सोफोन) वाटतो. हेंडरसनच्या बायकोने लेस्टरला घरी ठेवून घेतलं होतं. ती सकाळी उठवून त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्डी ऐकवायची, असं वाजव म्हणून. काही महिन्यांत लेस्टर निघून गेला. जाताना हेंडरसनकडून एक पत्र मात्र मागून घेतलं, याला काढलेलं नाही, असं लिहिलेलं.

काकाला यात हॉकिन्सचा विजय दिसायचा. मला ती सकाळ दिसते. परक्याच्या घरी, पुरती झोप न झालेला, दुसऱ्याचा आवाज ऐकत बसलेला पंचविशीतला मुलगा. त्याने मान डोलावली असेल, कारण लेस्टर भांडणारा नव्हता. आणि वाजवलं मात्र आपल्यासारखंच.

लेस्टरची बाजू घ्यायला त्याच्या गोष्टीही मदत करतात, हे मान्य. वडिलांच्या बँडमध्ये तो आधी ड्रम वाजवायचा. ते सोडले का, तर कार्यक्रम संपल्यावर सगळं सामान आवरेपर्यंत छान छान मुली निघून गेलेल्या असायच्या. असं तो स्वतःच सांगायचा. गाण्याचे शब्द माहीत नसतील तर ते गाणं वाजवू नये, असंही त्याचं म्हणणं. गायिका बिली हॉलिडेला 'लेडी डे' म्हणायला लागला तोच, आणि तिने त्याला 'प्रेझ', म्हणजे प्रेसिडेंट, केलं. हॉकिन्सभोवती अशा गोष्टी कमी. तो टापटिपीचा, उत्तम कपड्यांचा, पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारा. शिवाय मोठ्या मनाचा. चाळिशीच्या दशकात बीबॉपची, म्हणजे नव्या वळणाच्या जॅझची, पोरं आली, तेव्हा त्याच्या पिढीतले कितीतरी जण नाकं मुरडत बसले. याने १९४४मध्ये त्या पोरांतल्या डिझी गिलेस्पीला रेकॉर्डिंगला बोलावलं, थेलोनियस मंकला बँडमध्ये घेतलं. वाद प्रामाणिकपणे घालायचा तर हा मुद्दा मी खोडू शकत नाही. म्हणून तो आला की मी विषय बदलते.

१९७८ साली मुंबईत रंगभवनला पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली. टेनरवाला सनी रोलिन्स आला होता. लहानपणी हॉकिन्सच्या सहीसाठी त्याच्या दारात उभा राहिलेला आणि १९६३मध्ये त्याच्याबरोबर रेकॉर्ड केलेला. काका घरी आला तो जणू हॉकिन्सलाच भेटून. अंकल मागोमाग आले आणि दारातच म्हणाले, "आणि मधे जागा सोडतो ती कुणाची?" पुन्हा सुरू.

आता इंटरनेटवर एक चित्रफीत बघायला मिळते. ८ डिसेंबर १९५७, न्यूयॉर्क, सीबीएस टीव्हीचा थेट कार्यक्रम. बिली हॉलिडे 'फाइन अँड मेलो' गाते आहे आणि भोवती हे सगळे. आधी वेब्स्टर वाजवतो. (बरेच लोक हॉकिन्स की लेस्टर विचारलं की वेब्स्टर म्हणतात. ही पळवाट आहे.) मग लेस्टर. वय फक्त ४८, पण म्हातारा दिसतो. लष्करात सक्तीने भरती झाली, १९४५मध्ये कोर्टमार्शल, मग जॉर्जियातल्या लष्करी कैदखान्यात काही महिने, त्यानंतर दारू. त्या गाण्यात त्याच्या वाट्याला बारा आवर्तनांचा एकच फेरा. त्यात तो फार थोडे सूर घेतो. बिली त्याच्याकडे बघत मान हलवते. पुढे हॉकिन्स येतो, टोपी घातलेला, तब्येतीत, आणि जोरदार, तुडुंब वाजवतो. कुणीही मोजमाप घ्यायला बसलं, तर त्या दिवशी हॉकिन्स वरचढ. मी दर वेळी लेस्टरपाशी थांबवते आणि मागे नेते. १९५९च्या मार्चमध्ये लेस्टर गेला, जुलैमध्ये बिली. हॉकिन्स १९६९पर्यंत होता. शेवटी शेवटी त्यानेही खाणं टाकलं होतं, नुसती दारू.

ही चित्रफीत काका आणि अंकल, दोघांनाही बघायला मिळाली नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सिंथेसायझर आले आणि ताडदेवची कामं आटली. अंकलनी टेनर विकायला काढला. काकाला वाजवता काही येत नव्हतं, तरी तो पैसे घेऊन धोबीतलावला गेला. निदान घरातल्या घरात राहील, म्हणाला. अंकलनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "तुका दिवचो ना. तूं हॉकिन्सवालो." खरंच दिला नाही. कुणाला विकला, काय मिळाले, काकाने कधी विचारलं नाही.

लग्नाकार्यात काका ही गोष्ट हमखास सांगायचा आणि सगळे खो खो हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही कधी सापडलं नाही.