काकू, मिरजेत फ्लॅट घेऊ का?

यंदा दिवाळीला आलेल्या पुतण्याने फराळाच्या ताटावरच विषय काढला. "काकू, मिरजेत एक फ्लॅट बघितलाय. अठ्ठावीस लाख म्हणतोय. घेऊन भाड्याने लावला तर साडेनऊ हजार येतील. घेऊ का?" तो पुण्यात नोकरी करतो, थोडी शिल्लक साठली आहे आणि ती बँकेत नुसती पडून आहे, असे त्याला वाटते. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराचा वरचा मजला आम्ही गेली चौदा वर्षे भाड्याने देत आलो आहोत आणि नंतर घेतलेला एक छोटा फ्लॅटही त्यात आहे, म्हणून त्याने मला विचारले असावे. त्याला जे सांगितले तेच जरा नीट लिहून ठेवते, कारण पहिल्यांदाच घर भाड्याने देणारी बहुतेक माणसे महिन्याला भाडे किती येणार एवढेच मोजतात आणि त्यातून काय काय जाणार याचा हिशेब त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतो.

चकली बाजूला ठेवून मी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने आकडे मांडले. अठ्ठावीस लाखांवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सुमारे सात टक्के धरले, तर घर तीस लाखांना पडते. भाडे साडेनऊ हजार असले तरी वर्षाचे बारा महिने कधीच धरू नयेत. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंग, किरकोळ दुरुस्ती आणि वाट पाहणे यांत सरासरी एक महिना जातोच. म्हणजे हाती आले १,०४,५००. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च वर्षाला बारा हजार, घरपट्टी सहा हजार, रंग आणि दुरुस्ती सरासरी बारा हजार, एजंटाची दलाली आणि कराराचा खर्च मिळून आठ हजार वजा केले. उरले ६६,५००. तीस लाखांवर हा परतावा सव्वादोन टक्केसुद्धा भरत नाही. याच रकमेवर मुदत ठेवीचे व्याज याच्या दुपटीहून अधिक येते आणि ठेवीचा गीझर कधी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र घराच्या बाजूने सांगायला हवी, ती म्हणजे प्राप्तिकर. ठेवीच्या संपूर्ण व्याजावर कर लागतो. भाड्याच्या बाबतीत प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग तुम्ही त्या वर्षी दुरुस्तीवर एक रुपया खर्च केलेला असो वा पन्नास हजार. वरच्या उदाहरणात ९८,५०० मधून २९,५५० वजा होऊन ६८,९५० एवढेच करपात्र उत्पन्न धरले जाते. याची दुसरी बाजू अशी की रंगाची, नळाची, सोसायटीची बिले जपून ठेवली तरी त्यांची वेगळी वजावट मिळत नाही. ती बिले स्वतःच्या हिशेबासाठी ठेवावीत.

"पण काकू, किंमत वाढेल की," असे तो म्हणाला. वाढेल, किंवा वाढणार नाहीही. पण मग हा व्यवहार भाड्यासाठी नसून किमतीच्या वाढीसाठी आहे, हे स्वतःशी कबूल केले पाहिजे, आणि किमतीच्या वाढीसाठी घर घेताना आपल्या भागात सर्वांत आधी पाणी पाहावे लागते.

सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट आणि धोका पातळी पंचेचाळीस फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते, आणि २००५ व २०२१ या वर्षांचे पूरही लोक विसरलेले नाहीत. बाहेरून येणाऱ्या गुंतवणूकदाराला मात्र उन्हाळ्यात घर दाखवले जाते आणि उन्हाळ्यात प्रत्येक गल्ली कोरडीच असते. आमचा छोटा फ्लॅट घेण्याआधी आम्ही तळमजल्यावरचा एक फ्लॅट पाहिला होता, तोही २०२० च्या एप्रिलआधी, म्हणजे पूर ओसरून सहा-सात महिने झाले असताना. ताजा रंग, नवी फरशी, भाव इतरांपेक्षा दोन-अडीच लाखांनी कमी. एजंट शपथेवर सांगत होता की इथे पाणी येत नाही. स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटाचे दार उघडले तर आतल्या बाजूला, रंगाचा ब्रश पोहोचला नव्हता तिथे, माझ्या खांद्याच्या उंचीवर गाळाची एक सरळ तपकिरी रेघ होती. खाली येऊन समोरच्या किराणा दुकानदाराला विचारले. तो काही बोलला नाही. त्याने फक्त साबणाच्या वड्या ठेवलेल्या कप्प्यावर हात ठेवून दाखवला. आम्ही तिथूनच रिक्षा केली.

म्हणून घर पाहायला जाताना एजंटाला न घेता एकदा एकटे जावे. दुकानदार, इस्त्रीवाला, दूधवाला यांना विचारावे. जिन्याखालचे विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत ते पाहावे, कारण पूर अनुभवलेल्या इमारतीतले मीटर वर चढवलेले असतात. निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात जागा कुठे बसते ते नकाशावर तपासावे; निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नदीपासून लांब असलेल्या भागातही काळ्या मातीची सखल जमीन असेल तर पावसाळ्यात पाणी कित्येक दिवस मुरत नाही आणि भिंतींना ओल धरते, हे ध्यानात ठेवावे. विम्याचे म्हणाल, तर २०२१ च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी विमा कंपन्या देतात आणि तिच्यात पुराचाही समावेश आहे. भाड्याने दिलेल्या घराची इमारत आपल्या नावे विमाबद्ध करावी. भाडेकरूचे सामान हा त्याचा प्रश्न, पण ते त्याला आधी सांगावे.

आता कागद. इथे मी स्वतः पोळले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा पहिला भाडेकरू ओळखीतून आला होता. विक्री प्रतिनिधीची नोकरी, नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. ओळखीतले आहेत म्हणून आम्ही स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरी केला आणि काम झाले असे समजलो. अकरा महिने झाले, करार संपला, नवा केला नाही, कारण "कुठे जाताहेत ते!" पुढे भाडे उशिरा येऊ लागले, मग अर्धे येऊ लागले, मग चार महिने आलेच नाही. घर सोडा म्हटल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की ठरलेले भाडे तुम्ही म्हणता त्याहून कमी होते आणि मुदतीचे काही ठरलेच नव्हते. वकिलाकडे गेलो तेव्हा कळले की त्यांच्या या बोलण्याला वजन आहे आणि आमच्या नोटरी केलेल्या कागदाला नाही.

त्याचे कारण असे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, आणि ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची सवय देशभर लागली. महाराष्ट्रात मात्र त्या सवयीचा उपयोग नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला) याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा) करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे, अशा कराराच्या अटींबाबत वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरले जाते.

याउलट, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा करार हातात असेल आणि मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून ताबा मागता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई मिळू शकते. नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ जवळचा आहे. मध्येच वैतागून पाणी किंवा वीज तोडण्याचा सल्ला देणारे शेजारी भेटतात. तसे अजिबात करू नये. अत्यावश्यक सेवा तोडण्यास याच कायद्याने मनाई केली आहे आणि तसे केल्यास आपली खरी बाजूही खोटी पडते.

आणि खर्च तरी किती? एकूण भाडे आणि परत करायच्या अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्क्यांनी मोजलेले व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. साडेनऊ हजार भाडे, तीस हजार अनामत आणि अकरा महिने धरले तर बेरीज १,०७,२५० होते आणि शुल्क सुमारे २६८ रुपये निघते. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. आधारच्या अंगठ्यावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. एवढ्या पैशांची बचत करून आम्ही चार महिन्यांचे भाडे आणि सात हजार चारशे रुपयांचे थकलेले वीजबिल घालवले.

कराराच्या ओघात येणारी दोन-तीन कामे थोडक्यात सांगते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवावी. सोसायटीला कराराची प्रत देऊन कळवावे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. महापालिकेत घरपट्टीची आकारणी बदलते का, हेही विचारून घ्यावे. गावातल्या जुन्या पेठांमध्ये भाडेकरूसह विकली जाणारी घरे स्वस्त दिसतात. तो जुना भाडेकरू कायद्याने संरक्षित असतो, तेव्हा नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

भाडेकरू निवडण्याविषयी माझे मत अनेकांना पटत नाही. आमच्याकडे ‘टू लेट’च्या पाटीखालीच आडनाव, आहार आणि लग्न झाले आहे का, हे विचारण्याची पद्धत आहे. चौदा वर्षांत या तिन्हींचा भाडे वेळेवर येण्याशी काही संबंध मला आढळला नाही. संबंध आढळला तो पगाराचा, नोकरीच्या ठिकाणापासूनच्या अंतराचा आणि आधीच्या घरमालकाशी फोनवर झालेल्या पाच मिनिटांच्या बोलण्याचा. मिरजेत रुग्णालयांमुळे परिचारिका आणि शिकाऊ डॉक्टर, विश्रामबागेत महाविद्यालयांमुळे विद्यार्थी, कुपवाडला औद्योगिक वसाहतीमुळे कामगार आणि पर्यवेक्षक, असा मागणीचा साधारण रोख असतो. शाळा जूनला सुरू होत असल्याने कुटुंबे एप्रिल-मेमध्ये घर शोधतात. त्यामुळे करार शक्यतो मे महिन्यात संपेल असा करावा. दिवाळीनंतर रिकामे झालेले घर आमच्याकडे एकदा साडेतीन महिने तसेच राहिले होते.

ताबा देतानाची माझी पद्धत ठरलेली आहे. आम्ही दोघे आणि भाडेकरू मिळून खोल्या फिरतो. पंखे तीन, गीझर एक, खिडक्यांच्या जाळ्या चार, किल्ल्यांचे जोड दोन, ओट्याच्या वरच्या टाइलला आधीचे छिद्र एक, असे सगळे वहीत लिहून दोघांच्या सह्या होतात आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये जातो. अनामत मी तीन महिन्यांच्या भाड्याएवढी घेते आणि ती वेगळ्या खात्यात ठेवते, घरखर्चात मिसळत नाही. ज्या दिवशी घर सुटते त्या दिवशी तीच वही उघडायची, तोच आकडा वाचायचा, शेवटचे बिल वळते करायचे आणि उरलेली रक्कम किल्ल्या हातात येताच तिथल्या तिथे परत करायची. अनामत लटकवून ठेवणाऱ्या घरमालकाचे नाव गावभर होते आणि पुढचा चांगला भाडेकरू त्याच्या दारात येत नाही.

पुतण्याने अजून टोकन दिलेले नाही. कॅलेंडरचा तो कागद फाडून त्याने पाकिटात ठेवला आहे. येत्या रविवारी तो एकटा, एजंटाला न कळवता, मिरजेला जाणार आहे, आणि जिन्याखालच्या मीटरचा फोटो काढून मला पाठवणार आहे.