एलपी इंग्लंडहून सुखरूप आले, अडले ते केवायसीत: माझा अनुभव

परदेशातून गाण्यांच्या रेकॉर्ड, म्हणजे एलपी, मागवायच्या म्हटलं की लोक कस्टम ड्युटीला घाबरतात. ड्युटीचं काय, भरली की मोकळे. माझं पार्सल अडलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. माझ्या आधार कार्डावर यावल तालुक्यातल्या गावाचा पत्ता आहे आणि मी राहतो जळगावला, एवढंच कारण. आणि तेही ऐन मे महिन्यात. खानदेशातला मे काय चीज आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या कुरिअर कंपनीचं नाव कुठे दिसलं तरी अजून माझं डोकं तापतं. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय, पुढच्या माणसाचा तरी त्रास वाचेल.

मागवलं होतं काय, तर येस या इंग्लिश रॉक बँडचा २०१८ सालचा बॉक्स. त्यात स्टीव्हन विल्सनने नव्याने मिक्स केलेले पाच अल्बम आहेत: 'द येस अल्बम', 'फ्रॅजाइल', 'क्लोज टू द एज', 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' आणि 'रिलेयर'. 'टेल्स' दुहेरी असल्यामुळे एकूण सहा एलपी. सोबत किंग क्रिम्झन या बँडचा 'रेड', २०० ग्रॅमचा जाड एलपी.

घरचे विचारतात, मोबाइलवर ही गाणी फुकट ऐकायला मिळतात, मग एवढा खर्च कशाला? याचं उत्तर मी मनापासून देतो. रिमास्टर आणि रिमिक्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिमास्टर म्हणजे तयार स्टिरिओ टेप घ्यायची आणि तिचाच आवाज नीट करायचा. रिमिक्स करताना मूळ मल्टिट्रॅक टेप बाहेर काढतात. ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, गळा सगळं सुटं करून जुळणी पहिल्यापासून होते. १९७२ च्या 'क्लोज टू द एज'ची सुरुवात आठवा. पाण्याचा आणि पाखरांचा आवाज, आणि मग सगळी वाद्यं एकदम तुटून पडतात. जुन्या कॉपीत त्या गर्दीत येसच्या ख्रिस स्क्वायरचा बेस मी शोधत बसायचो. विल्सनच्या मिक्समध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून दाखवता येतो. हा विल्सन म्हणजे पॉर्क्युपाइन ट्रीचा. डिसेंबर २००९ मध्ये त्याचा बँड मुंबईत आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला आणि माझं जाणं राहून गेलं, ती हळहळ आजही आहे.

मूळ टेपचं महत्त्व कळायला क्रिम्झनचंच उदाहरण पुरे. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमची अस्सल स्टिरिओ मास्टर टेप कितीतरी वर्षं बेपत्ता होती. तोवर निघालेल्या आवृत्त्या कॉपीच्या कॉपीवरून काढलेल्या. ती टेप सापडल्यावर तिच्यावरून २००४ ची आवृत्ती निघाली. त्यामुळे 'रीइश्यू म्हणजे जुना माल नव्या पुठ्ठ्यात' असं कुणी म्हणालं की मी वाद घालतो. कुठली आवृत्ती, कुठल्या टेपवरून, रेकॉर्डच्या खाचा कापल्या कुणी, हे बघूनच पैसे टाकायचे.

आमच्याकडे हे वेड असलेले मोजकेच. भुसावळचे एक काका आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. धुळ्याचा एक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, अमळनेरचे एक प्राध्यापक, आणि मी. काकांकडे पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चं कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेलं इंडियन प्रेसिंग आहे. एका जुन्या रेल्वे क्वार्टरच्या रद्दीत त्यांना ते मिळालं. ते मोडीत निघालं होतं आणि काकांनी वाचवलं, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे.

ऑर्डर देणं, पैसे भरणं यात सांगण्यासारखं काही नाही. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या. आणि दुकानदार इंग्लंडचा असेल तर माल निर्यात होतोय म्हणून व्हॅट वजा करायला सांगा. तिथे व्हॅट २० टक्के आहे आणि निर्यातीवर तो लागत नाही. बरीच दुकानं आपणहून वजा करतात, काही करत नाहीत. ऑर्डर देण्याआधी विचारायचं.

पार्सल मुंबईत बघता बघता पोचलं. मग मेसेज आला, 'केवायसी पेंडिंग'.

कुरिअरने परदेशातून काही मागवलं की घेणाऱ्याची ओळख आणि पत्ता याचा पुरावा द्यावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. मी त्याच दिवशी आधार अपलोड केलं. उत्तर आलं, पार्सलवरचा पत्ता आणि आधारवरचा पत्ता जुळत नाही. बरोबर आहे, कसा जुळेल? आमच्या भागात निम्म्या लोकांचं आधार गावचं आणि बिऱ्हाड जळगावात. मी लाइट बिल जोडलं. नाकारलं, कारण ते घरमालकाच्या नावावर. भाडेकरार जोडला. फाइल मोठी आहे म्हणून वेबसाइटने घेतलाच नाही. लहान करून पुन्हा टाकला, तर आठवडाभर कुणी उघडूनही पाहिला नाही.

फोन करावा तर दर वेळी नवा माणूस. त्याला पार्सलचा नंबर सांगा, आधारची गोष्ट सांगा, भाडेकराराची सांगा. सगळं ऐकून घेतलं की ठरलेलं वाक्य, 'सर, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत अपडेट होईल.' मी विचारायचो, तुमच्यासमोर माझा भाडेकरार दिसतोय का? 'सर, ते क्लिअरन्स टीम बघते.' त्या टीमचा नंबर द्या. 'सर, त्यांचा नंबर नसतो.' ज्यांच्या हातात निर्णय, त्यांच्याशी बोलायची सोयच नाही. मला सगळ्यात जास्त चीड याचीच आली आणि ती अजून उतरलेली नाही.

कसाबसा पत्त्याचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, तर नवीन हरकत निघाली. नाव जुळत नाही. आधारवर आपल्या पद्धतीने माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुकानदाराने लिहिलेलं फक्त नाव आणि आडनाव. अहो, हे पहिल्या दिवशीही दिसत होतंच ना? सगळ्या हरकती एकदम सांगितल्या असत्या तर एका दुपारीत काम झालं असतं. एक सुटली की दुसरी काढायची, आणि तोवर गोडाऊनचं भाडं रोज चढतंय. डॅमरेज म्हणतात त्याला. उशीर त्यांचा आणि मीटर माझं.

इकडे भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर. एलपी पीव्हीसीचा असतो. साठ अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत तेवढी उष्णता सहज होते. जळगावात पीव्हीसी पाइपचे कारखाने आहेत, त्यामुळे तापलेल्या पीव्हीसीचं काय होतं हे इथे पोराटोरांना ठाऊक आहे. एकदा कड वाकली की पिन दर फेऱ्याला वर-खाली नाचते, आणि रेकॉर्ड पूर्ववत करायला इथे कुणाच्या बापाला येत नाही. मी फोनवर कळकळीने सांगायचो, बॉक्स उभा ठेवा, त्याच्यावर दुसरं काही रचू नका, सावलीत ठेवा. पलीकडचा माणूस म्हणायचा, तशी नोंद करायची सोय नाही.

धुळ्याचा मित्र रोज सकाळी फोन करायचा, "काय भाऊ, उनं का तुनं पार्सल?" शेवटी वाट त्यानेच दाखवली. म्हणाला, कुरिअरला पैसे कोणी दिले? दुकानदाराने. मग त्यांचं गिऱ्हाईक तो आहे, तू नाही. त्याला बोलायला लाव.

मी त्याच रात्री दुकानाला सविस्तर मेल लिहिला. आधारवर आहे तसं पूर्ण नाव, पार्सलवर काय दुरुस्ती हवी, आजवर कुठली कागदपत्रं कधी दिली, सगळं एकाच मेलमध्ये. त्यांनी तिकडच्या ऑफिसातून नावाची दुरुस्ती करून घेतली आणि तक्रारही नोंदवली. इकडे मी बँकेत जाऊन पासबुकाच्या पहिल्या पानावर शिक्का मारून आणला. त्यावर जळगावचा पत्ता आणि पूर्ण नाव दोन्ही आहे. ते टाकलं आणि दुसऱ्या दिवशी केवायसी मंजूर! इतके दिवस ज्यांचा नंबरही नव्हता त्या क्लिअरन्स टीमने स्वतःहून फोन केला. आनंद झालाच, पण हे आधीही होऊ शकत होतं याचा रागही तेवढाच आला.

म्हणून सांगतो, ऑर्डर देतानाच आधारवरचं पूर्ण नाव जसंच्या तसं लिहा. शक्य असेल तर पत्ताही आधारवरचाच. आणि जे जे अपलोड कराल त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. मला त्याचा फार उपयोग झाला. ड्युटीच्या बिलात त्यांनी डॅमरेज लावलं होतं. मी पहिल्या दिवसापासूनचे स्क्रीनशॉट जोडून लिहिलं, कागद वेळेवर दिलेत, तपासायला उशीर तुमच्याकडून झालाय, हे भाडं मी देणार नाही. दोन मेल इकडून, दोन तिकडून, आणि ती रक्कम बिलातून काढली गेली. हे मी भांडून मिळवलं आणि त्याचं मला समाधान आहे.

बिल वाचताना आणखी तीन गोष्टी. ड्युटी नुसत्या रेकॉर्डच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर लागते. त्यामुळे जड बॉक्सला ड्युटीही जड. पौंडाचा दर कस्टमने जाहीर केलेला धरतात, तुमच्या बँकेचा नाही. आणि ड्युटी तुमच्या वतीने आगाऊ भरल्याबद्दल कुरिअर कंपनी स्वतःचं वेगळं शुल्क लावते, ते ड्युटीत मिसळून बघू नका. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमच्या आयात नोंदीची, प्रत मागून घ्या, म्हणजे सरकारचं किती आणि कुरिअरचं किती हे कळतं.

'दुकानदाराला गिफ्ट लिहायला सांग' हा सल्ला मला तिघाचौघांनी दिला. ते खोटं तर आहेच, शिवाय आता त्याचा फायदाही नाही. गिफ्ट म्हणून येणाऱ्या मालाची सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. अपवाद ठेवले ते जीवरक्षक औषधं आणि राख्या यांचे. एलपी यातल्या कशातच बसत नाही. खरी किंमत लिहा, इनव्हॉइस आणि पैसे भरल्याची पावती एकत्र ठेवा.

जळगावच्या शाखेची शेड पत्र्याची. पार्सल पोचल्याचं कळताच मी फोन करून सांगितलं, डिलिव्हरीला काढू नका, दिवसभर गाडीत फिरवू नका, मी न्यायला येतो. सकाळी शेडचं शटर उघडायच्या आधी मी तिथे हजर. तिथला मुलगा चांगला होता. म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलं म्हणून आतल्या बाजूला उभं ठेवलंय." मुंबईच्या त्या सगळ्या टीमपेक्षा हा एकटा मुलगा मला मोठा वाटला.

घरी आणून लगेच उघडलं नाही. दुपारपर्यंत कूलरपासून लांब, थंड खोलीत राहू दिलं. मग सातही रेकॉर्डी एकेक करून टेबलाच्या काचेवर ठेवल्या आणि डोळे काचेच्या पातळीला आणून कड पाहिली. कुठेच उजेडाची फट नाही. 'टेल्स'च्या एका रेकॉर्डवर कागदाचे बारीक तंतू चिकटलेले, ते मऊ ब्रशने निघाले. बॉक्सचा एक कोपरा मात्र चेपलाय. त्यावरून आठवलं, सुटा एलपी मागवताना दुकानदाराला प्लास्टिक फोडून रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर ठेवून पाठवायला सांगत जा. वाटेत आपटला तर रेकॉर्डच्या कडेने कव्हर फाटत नाही. 'सीलबंदच हवा' असा हट्ट असेल तर फाटक्या कव्हरची तयारी ठेवा. मी 'रेड' प्लास्टिक फोडूनच मागवला होता आणि त्याचं कव्हर कोरं करकरीत आलं.

त्या शनिवारी सगळे माझ्याकडे जमले. शेवभाजी झाली आणि 'रेड'ची दुसरी बाजू लावली. १९७४ चा अल्बम, वाजवणारे फ्रिप, वेटन आणि ब्रुफर्ड. शेवटचं 'स्टारलेस' बारा मिनिटांचं. मधल्या भागात फ्रिपची गिटार एकेक सूर धरून चढत जाते आणि खाली वेटनचा बेस गुरगुरत राहतो. इतकी वर्षं ऐकलेलं गाणं, पण तो बेस एवढा अंगावर आलेला मी पहिल्यांदा ऐकला. काका म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा लावला.

आता चौघांनी मिळून पुढची ऑर्डर ठरवली आहे. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचा 'पॉन हार्ट्स' आणि पीएफएम या इटालियन बँडचा पहिला अल्बम. पार्सल भुसावळच्या काकांच्या नावाने येणार, कारण आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता एकच असलेले आमच्यात ते एकटेच. ऑर्डर ऑक्टोबर संपता संपता टाकायची, त्याआधी नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुणाला त्यात एखादा एलपी घालायचा असेल तर दसऱ्याच्या आत कळवा. वाहतूक वाटून घेऊ.