बफेलोच्या बारमधली २ जानेवारीची रात्र

सोमवार, २ जानेवारी २०२३. रात्री साडेआठला आमच्या शहराचा संघ बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना टीव्हीवर होता आणि आमच्या बारमध्ये सात वाजल्यापासूनच उभं राहायला जागा नव्हती. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिण भागातल्या या छोट्या बारच्या स्वयंपाकघरात मी संध्याकाळच्या पाळीला असते. तळणाचं सगळं माझ्याकडे.

गर्दी सामन्याची होतीच, पण नुसती तेवढीच नव्हती. २३ डिसेंबरला शहरावर हिमवादळ कोसळलं होतं. विमानतळावर ५१.९ इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे चार फुटांच्याही वर. आमच्या एरी काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली. कोणी अडकलेल्या गाडीत, कोणी वीज गेलेल्या घरात. रुग्णवाहिकांनासुद्धा रस्ता नव्हता. आमची नेहमीची गिऱ्हाइकं त्या संध्याकाळी वादळानंतर पहिल्यांदा एकमेकांना भेटत होती. वीज किती दिवस नव्हती, शेजारची म्हातारी सुखरूप आहे ना, हीच बोलणी चाललेली. त्यात बिल्स ऐन भरात. बऱ्याच दिवसांनी लोक मोकळेपणी हसत होते.

इथे विंग्जला, म्हणजे कोंबडीच्या तळलेल्या पंखांना, ‘बफेलो विंग्ज’ कोणी म्हणत नाही. नुसतं विंग्ज. सिंगल म्हणजे दहा, डबल म्हणजे वीस. माइल्ड, मीडियम की हॉट एवढंच विचारायचं. मेन स्ट्रीटवरच्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी रात्री उशिरा मुलाच्या मित्रांसाठी पंख तळले आणि लोणी घातलेल्या तिखट सॉसमध्ये घोळवले, असं सगळे सांगतात. त्याच काळात जॉन यंग हे कृष्णवर्णीय हॉटेलवाले पीठ लावलेले अख्खे पंख तळून मम्बो सॉसमध्ये विकत होते. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, ते मला बरोबर वाटत नाही. त्याआधी पंख बहुतेक रश्शाच्या पातेल्यात जायचे. मी कोल्हापूरची. आमच्याकडेही ते रश्श्यातच जायचे. शिवाय आपल्याकडे कोंबडी सोलून कापतात, त्यामुळे पंखाची खरी गंमत असलेली कातडी दुकानातच राहते.

इथे पीठ नाही, मसाला नाही. पंख कोरडे पुसून थेट कडक तेलात. साधारण बारा मिनिटं. पण मी घड्याळापेक्षा कानाने तळते. बास्केट सोडली की तेल जोरात उसळतं, आणि पंखातलं पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो. तो बारीक झाला की बास्केट उचलायची, झटकायची, स्टीलच्या कटोऱ्यात उलटायची. वर लोणी आणि फ्रँक्स रेडहॉट हा बाटलीतला तिखट सॉस एकत्र करून. मनगटाला एक हिसका दिला की पंख हवेत उलटून परत कटोऱ्यात. बरोबर सेलरी आणि ब्लू चीजचं डिप. त्याऐवजी रँच हे दुसरं डिप मागणाऱ्याकडे आमचा बारटेंडर असा बघतो की तो माणूस पुन्हा मागत नाही.

नऊला पाच मिनिटं कमी असतील. चारही बास्केट तेलात होत्या. ऑर्डरच्या चिठ्ठ्या छापणारं यंत्र सारखं खरखरत होतं आणि बाहेरचा आरडाओरडा खिडकीतून आत येत होता. मग तो ओसरला. गोल चुकला की ‘अरेरे’ होतं, शिव्या होतात. तसं काहीच नाही. पाठोपाठ चिठ्ठ्याही थांबल्या. मी खिडकीतून डोकावले. बिल्सचा तीन नंबरचा खेळाडू डेमार हॅमलिन, चोवीस वर्षांचा पोरगा, एका खेळाडूला अडवून उभा राहिला होता आणि दुसऱ्याच क्षणी मागच्या मागे कोसळला होता. टीव्हीवर तेवढंच पुन्हा एकदा दाखवलं. मग खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं. कित्येकजण गुडघ्यांवर बसून रडत होते. छाती दाबून हृदय चालू करायचा प्रयत्न चाललाय, असं निवेदक म्हणाला.

माझ्या मागे तेलाचा आवाज बारीक झाला होता. पंख काढावेच लागले. मी ते काढले, झटकले, आणि सॉस न घालता तसेच ठेवले. कोणाला हाक मारून ‘तुमची ऑर्डर’ म्हणणार?

काउंटरच्या टोकाला एक निवृत्त परिचारिका बसतात. सत्तरीच्या असतील, दर सोमवारी बीफ ऑन वेक, म्हणजे मिठाच्या पावातलं बीफ सँडविच, आणि एक बिअर. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर. शेजारचा तरुण हुंदके द्यायला लागला, तेव्हा त्यांनी त्याचा दंड धरला. म्हणाल्या, “ऐक माझं. तो पडल्या पडल्या माणसं त्याच्याजवळ पोचली. लगेच दाबायला लागले असतील तर मेंदूला रक्त जातंय. हे थांबत नाही तोवर आपण काही धरून चालायचं नाही.” हळूहळू आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे सरकले. दाब किती खोल द्यायचा, किती वेगाने, मशीन शॉक कसं देतं, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. त्या वेळी टीव्हीवरच्या कोणापेक्षाही त्यांचं बोलणं जास्त उपयोगाचं होतं.

तेवढ्यात पार्सल न्यायला एकजण आला. बिल्सची जर्सी, हातात गाडीची किल्ली. दारातूनच ओरडला, “स्कोअर काय झाला?” उत्तर कोणीच देईना. बारटेंडर काउंटरच्या बाहेर आला आणि त्याच्या कानात बोलला. त्याची दोन डबल तयार होती. मी पिशवी दिली. त्याने ती घेतली, घरी फोन करून थोडं हळू बोलला, आणि मग निघालाच नाही. पिशवीतले डबे काढून त्याने काउंटरवर उघडले आणि म्हणाला, “घ्या रे, सगळ्यांनी घ्या.” आधी कोणी हात लावला नाही. पहिला पंख त्या बाईंनी उचलला. दुसऱ्या हाताने त्यांनी डबा त्या तरुणाच्या पुढ्यात सरकवला. मग लोक खाऊ लागले. आमचा मालक खिडकीशी येऊन म्हणाला, “आहे ते सगळं तळ. आज हिशेब नको.”

मी तळत राहिले. दहा वाजून गेल्यावर सामना थांबवल्याचं जाहीर झालं, तरी कोणी उठेना. हॅमलिनने लहान मुलांना खेळणी देण्यासाठी पूर्वी अडीच हजार डॉलरचं उद्दिष्ट ठेवून निधी सुरू केला होता. तो कोणीतरी फोनवर शोधला, आणि सॉसने माखलेली बोटं पुसून लोक दहा-वीस डॉलर भरायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा तीस लाखांच्या वर गेलेला होता.

गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं की तो जागा झाला आणि ‘आपण जिंकलो का?’ असं त्याने लिहून विचारलं. ते ऐकलं तेव्हा मी सेलरी चिरत होते. सुरी खाली ठेवून मनसोक्त रडले. हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी छातीवर आघात बसल्याने त्याची लय बिघडली होती, हे एप्रिलमध्ये स्पष्ट झालं. पुढच्या हंगामात तो पुन्हा मैदानात उतरला.

त्या बाईंनी मालकाच्या मागे लागून फेब्रुवारीत बारच्या मागच्या खोलीत सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करण्याचा, वर्ग भरवला. आम्ही सगळे कामगार आणि बरीच गिऱ्हाइकं गुडघ्यांवर बसून रबरी पुतळ्यांच्या छात्या दाबत होतो. पार्सलवालाही आला होता, बायकोला घेऊन. शॉक देणारं मशीन आता डार्ट बोर्डच्या शेजारी टांगलंय. त्याचा हिरवा दिवा लागलेला आहे की नाही, हे रोज फ्रायर पेटवायच्या आधी बघायचं काम मी मागून घेतलंय.