सेलोफेन, नळी, बरणी: २४वा महिना

सिगार मुरवायला ठेवून दोन वर्षं झाली. सेलोफेन काढावं की ठेवावं, हा वाद मला आधीही फुकाचा वाटायचा, आताही वाटतो. नळीबद्दलचं मत मात्र पार उलटं झालं.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी: एकाच पेटीतले २४ रोबुस्टो (आखूड, जाडसर सिगार), सहा-सहाचे चार गट. पहिला सेलोफेनसकट, दुसरा सेलोफेन काढून सीडर या सुवासिक लाकडाच्या पेटीत उघडा, तिसरा टोपण घट्ट लावलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांत, चौथा रबरी वॉशरच्या काचेच्या बरणीत. सगळे एकाच कपाटात, १८ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेवर. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) मिठाने तपासलाय. ओलसर मिठासोबत बंद डब्यात त्याने ७५ दाखवायला हवं, माझा ७२ दाखवतो. त्यामुळे प्रत्येक आकड्यात ३ मिळवायचे.

सेलोफेनचं आधी उरकतो. ते प्लॅस्टिक नव्हे, सेल्युलोजच आहे, आणि पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते. पेटी माझ्याकडे आली तेव्हा सिगार जरा ओलेच होते, म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर रोज वजन घेत बसलो (घरच्यांनी याला वेड म्हटलं, बरोबरच आहे). उघड्या सिगारांचं वजन अडीच-तीन आठवड्यांत स्थिरावलं, सेलोफेनवाल्यांना सहा लागले. फरक एवढाच. आज दोन्ही गटांतला एकेक ओढला. उघड्याला सीडरचा वास जास्त चढलाय, सेलोफेनवाल्यात तंबाखूची मूळ चव अधिक स्वच्छ लागते. कागद टोकांना चहासारखा पिवळसर झालाय, तंबाखूतली तेलकट द्रव्यं त्यात उतरतात म्हणून. हाताळताना रॅपर, म्हणजे सिगारचं सर्वांत बाहेरचं पान, फाटत नाही, हा फायदा वेगळाच. मी ठेवणारा.

आता नळी. आत सीडरचा पातळ पापुद्रा असतो, दिसायला सगळं छान, आणि माझा समज असा की बंद नळी म्हणजे छोटं ह्युमिडॉरच (आर्द्रता राखणारी सिगारची पेटी). सहाव्या महिन्यात टोपण फिरवलं, नाक जवळ नेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया! आंबवलेल्या पानांतून तो हळूहळू सुटत राहतो. उघड्या पेटीतून निघून जातो, बंद नळीत मात्र बाहेर पडायला वाटच नाही. बाराव्या महिन्यातही तेच. तेव्हा उरलेल्या चार नळ्यांपैकी दोघींची टोपणं अर्धा आटा सैल केली, दोन तशाच ठेवल्या.

आज दोन्हींतला एकेक पेटवला. सैल टोपणवाला उघड्या गटाच्या जवळपास पोचलाय. पहिल्या एक-तृतीयांश भागातला तिखटपणा बसलाय, धूर गोलसर. बंद नळीतला अजून कच्चा. पेटवण्याआधीच्या कोरड्या झुरक्यालाही जिभेच्या टोकाला ती चुणचुण होतीच, आणि सिगार मध्यावर आला तरी ती गेली नव्हती. रॅपर मात्र चारही गटांत याचंच सर्वांत तजेलदार, हे मान्य करायला हवं. ज्यांना ताजेपणाच टिकवायचाय, त्यांनी टोपण घट्ट ठेवावं. मला मुरलेला हवाय.

बरणीत चूक माझीच. सुरुवातीला ती डिस्टिल्ड वॉटरने पुसली, नीट वाळू दिली नाही, वर ६५ची बोव्हेडा पुडी (आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारी) टाकून पाच महिने झाकण उघडलं नाही. एका सिगारच्या पेटवायच्या टोकाला निळसर-हिरवे लोकरीसारखे ठिपके. ही बुरशीच, प्लूम (मुरलेल्या सिगारवर येते म्हणतात ती पांढरी भुकटी) म्हणून स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नव्हता. तो फेकला, बाकीचे पाच मऊ फडक्याने पुसले. तेव्हापासून महिन्यातून एकदा झाकण उघडून पाच मिनिटं हवा देतो. आता या गटातला सिगार सर्वांत एकसारखा जळतो, राख बोटभर टिकते. सीडरचा वास अजिबात नाही, आणि मला तो चुकल्यासारखा वाटतो. पुढच्या वेळी सीडरची एक पट्टी टाकेन.

प्रत्येक गटाचा एकच सिगार चाखून काढलेली ही मतं आहेत. एकाच पेटीतले दोन सिगारही कधी सारखे नसतात, तेव्हा चवीपेक्षा वजनांवर माझा भरवसा जास्त.

एक बंद नळी उरलीय, ती ३६व्या महिन्यापर्यंत उघडणार नाही. आजचं वजन, नळीसकट, २१.३४ ग्रॅम. वहीत लिहून ठेवलंय.